शेवटची पंगत उठेपर्यंत

तर काल आपण लाखनीच्या त्या लग्नात भट्टीपाशी थांबलो होतो. वऱ्हाड महामार्गावर ट्रकांच्या रांगेत अडकलेलं, इकडे वांग्या-आलूच्या भाजीचा गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, उतरवून ठेवलेला, पुऱ्यांची कणीक मळून ओल्या फडक्याखाली झाकलेली, आणि बपेऱ्याचा आपला धनीराम आचारी तांदळाचा अर्धा कट्टा, म्हणजे अर्धं पोतं, पोटाशी कवटाळून पाटावर बसलेला. इथवर झालं होतं. खरी गंमत पुढे आहे.

त्याचा जोडीदार जीवन पुऱ्या लाटणाऱ्या बायांवर नजर ठेवून होता. बारा वर्षं धनीरामबरोबर भट्टीवर राबलेला गडी, तोंडाचा मोकळा. त्यानं कट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, तो कट्टा नवरीच्या बापाचा हाय. पोटाशी धरून बपेऱ्याले न्याचा इचार हाय का?"

"गप बे," धनीराम डोळे मिटूनच म्हणाला. "भट्टी लागली."

आता भट्टी लागली म्हणजे काय, हे आचाऱ्यांशिवाय कोणाला कळायचं नाही. तुमसरपासून लाखनीपर्यंत जेवढे म्हणून लग्नाचे आचारी, त्यांच्यात हे दुखणं ओळखीचं. उजव्या बरगडीखाली कोणी तरी मूठ आवळून बसावं तसं दुखतं, मागे उजव्या खांद्याच्या फऱ्यात जातं, दोन-तीन तास माणसाला सरळ होऊ देत नाही, आणि मग आलं तसं निघून जातं. भट्टीची आग पोटात शिरते, असं त्यांचं म्हणणं. इलाजही ठरलेला. भट्टीशेजारी ठेवून कोमट झालेला तांदळाचा कट्टा पोटाला लावायचा, वरून मीठ घालून थंडगार मठ्ठा, नाही तर सोड्याची बाटली. ज्याला भट्टी लागली नाही तो अजून कच्चा आचारी, अशी थट्टाही चालायची. धनीरामला पहिल्यांदा लागली तेव्हा तर बाकीच्यांनी त्याला पेढा खाऊ घातला होता.

त्या दिवशी वऱ्हाड पोचलं अडीच वाजता. शेवटची पंगत उठली पावणेसहाला. सकाळी पाचपासून धनीरामच्या पोटात दोन कप काळा चहा गेलेला, बस. भाजी त्यानं चाखली नव्हती, पुरीचा तुकडा तोंडात टाकला नव्हता. आणि आता तो मांडी घालून बसला. चौदा पुऱ्या, गंजाच्या वर तरंगणारी लाल तर्री दोन वाट्या, मग बुंदी. जीवननं मोजल्या होत्या पुऱ्या, म्हणून आकडा पक्का आहे. पाऊण तासात धनीराम मांडवाच्या मागे भडाभडा ओकत होता, आणि नवरीचा मामा म्हणत होता, "आचाऱ्यालेच पचलं नाही, तं आमचं कसं व्हाचं?"

हे उपाशी राहण्याचं वेड आलं कुठून, ते सांगायला हवं.

धनीराम ढेंगे मूळचा शेतकऱ्याचाच पोरगा. बपेऱ्याला दोन एकर धानाची बांधी, घरी खाणारी तोंडं नऊ. लग्नाआधीच तो तुमसरला भैय्यालाल आचाऱ्याच्या हाताखाली गेला. भैय्यालाल म्हणजे राइस मिलवाल्यांच्या घरच्या लग्नांचा ठरलेला आचारी. अंगानं गोल, बोलायला कमी, आणि त्याची एकच शिकवण: शेवटची पंगत उठेपर्यंत आचाऱ्यानं जेवायचं नाही. त्यात व्रत नव्हतं, देवधर्म नव्हता. त्याचं म्हणणं होतं की भरल्या पोटाच्या माणसाची जीभ आणि नाक दोन्ही झोपतात. त्याला मीठ कमी की जास्त ते कळत नाही. उपाशी माणसाला दहा पावलांवरून कळतं.

आणि धनीरामला कळायचं, यात खोटं नाही. झाकण उचललं की तो वाफेवर तोंड धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "अर्धी मूठ आणखी." एकदा तुमसरच्या एका लग्नात घाईघाईत वरणात दोघांनी दोनदा मीठ टाकलं. कोणी कबूल करेना. धनीराम चुलीपासून लांब, पत्रावळी मोजत बसला होता. तिथूनच म्हणाला, "या गंजात दोन हात पडले मिठाचे." लगेच वरणात कच्चे आलू कापून टाकले, डाळ वाढवली, पाणी वाढवलं, आणि पंगतीला काही समजलं नाही. त्या दिवसापासून मोठ्या लग्नांना लोक भैय्यालालच्या आधी धनीरामचं नाव घेऊ लागले. भैय्यालालला त्याचा आनंदच झाला. तोही दुपारी कट्टा पोटाशी धरूनच बसायचा.

असे मार्गशीर्षापासून जेठपर्यंतचे दिवस. लग्न असेल त्या दिवशी बारा-बारा, तेरा-तेरा तास रिकामं पोट, आणि संध्याकाळी एकदम तेलातुपाचा डोंगर. पावसाळ्यात काम नसे, पण सवय तीच. सकाळी चहा, मग पानठेल्यापर्यंतसुद्धा मोटरसायकलवर, मग चहा, आणि तिसऱ्या प्रहरी एकदाच भाताचा ढीग. भाजी ताटाच्या कडेला चटणीएवढी. लोकांच्या ताटात काकडी-मुळा वाढून वाढून हा माणूस म्हातारा होत होता, स्वतः मात्र उरलेल्या पुऱ्या आणि गोड खायचा. बावन्नाव्या वर्षी त्याचं वजन ब्याण्णव किलो होतं.

लाखनीच्या लग्नानंतर आठवड्यानं पुन्हा भट्टी लागली. या वेळी ती भट्टीवर नसताना, घरी खाटेवर बसल्या बसल्या लागली. तेव्हा धनीरामच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. भंडाऱ्याला पितळेचा नवा गंज पाहून येतो, असं घरात सांगून तो एकटाच निघाला आणि गंजाच्या दुकानाऐवजी दवाखान्यात जाऊन बसला.

डॉक्टर तरुण होता, घाईचा नव्हता. सोनोग्राफीचा कागद समोर ठेवून त्यानं विचारलं, "घरात आणखी कोणाला असं दुखणं होतं?"

"मायले होतं," धनीराम म्हणाला. "पण ते कायची आचारी? तिनं भट्टीचं तोंड पाह्यलं नाही कधी."

"मुलं किती झाली त्यांना?"

"सात."

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला. "बायकांना हे जास्त होतं, बाळंतपणं जास्त झाली की आणखी. आणि घरात एकाला असलं की दुसऱ्याला व्हायची शक्यता वाढते. भट्टीचा काही संबंध नाही हो. हे पित्ताशयातले खडे आहेत."

मग त्यानं कागदावर एक लहान पिशवी काढून दाखवली. लिव्हर पित्त तयार करतं, ते या पिशवीत साठतं. माणूस जेवला की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. जेवलाच नाही तर पित्त तिथंच पडून राहतं आणि घट्ट होत जातं.

धनीराम पुढे सरकला. "म्हंजे पाक," तो म्हणाला.

"काय?"

"साखरेचा पाक, साहेब. बुंदीसाठी करतो ना आमी. तसाच ठेवून देल्ला, हलवलाच नाही, तं कडेले साखर धरते. मंग किती बी गरम करा, ते दाणे जात नाही."

डॉक्टर हसला. "आता पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार," तो म्हणाला. आणि मग हसू थांबवून त्यानं सगळं नीट सांगितलं. ऑपरेशन करून पिशवी काढून टाकायची, महिना-दोन महिन्यांत. तोवर दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायचं. तळलेलं आणि गोड कमी, डाळ, भाजी, सालीसकट फळं जास्त. रोज पायी चालायचं. वजन उतरवायचं, पण महिन्याला दोन किलोच्या वर नाही. "उपाशी राहून झपाट्यानं उतरवाल तर अंगातली चरबी पित्तात उतरते आणि खडे वाढतात. हे विसरू नका," असं म्हणून त्यानं ते कागदावर लिहूनही दिलं, आणि खाली रेघ मारली.

समजलं नाही असं धनीराम कधीच म्हणू शकला नसता. पाकाचा दाखला त्यानं स्वतःच दिला होता.

पण येताना बसमध्ये त्याच्या डोक्यात दुसरंच चालू झालं. वैशाखातली अकरा लग्नं हातात होती. आचाऱ्याचं पोट फाडलं असं एकदा गावोगाव झालं की लोक त्याला गंज उचलू देणार नाहीत, पुढच्या साली विचारणारही नाहीत. आणि चार वेळा खायचं म्हणजे मीठ गेलंच. त्या मिठावर तर नाव उभं होतं. शिवाय दुखणं त्या क्षणी नव्हतं. दुखत नसताना माणसाला केवढी हिंमत असते.

घरी शकुंतलाबाईनं विचारलं, "गंज कुठी हाय?"

"मनासारखा भेटला नाही."

"तेवढ्यासाठी दिवस घातला? मी गेली असती तं दोन घेऊन आली असती."

"जाता जाता डॉक्टरले दाखवलं पोट," धनीराम पायातल्या चपला काढत म्हणाला. "गॅस हाय म्हणे. वजन उतरवा म्हणे."

"हे सांगाले डॉक्टर पायजे? मी वीस वर्सांपासून सांगून राहिली, ते फुकटात होतं म्हणून ऐकू नाही आलं."

पुढच्या लग्नाला भट्टी पेटवताना त्यानं तो लिहिलेला कागद पेटत्या काडीवर धरला. घरात कोणाच्या हाती लागायला नको, एवढाच विचार होता.

अशी तीन वर्षं गेली. कधी महिन्यातून एकदा दुखायचं, कधी चार महिने काही नाही. धनीरामची मुलगी दामिनी तोवर तुमसरच्या एका खाजगी शाळेत शिकवू लागली होती. बापासारखीच गोल चेहऱ्याची, बापासारखंच हसणं. गेल्या दिवाळीत तिचं लाखनीच्या भुपेंद्रशी जमलं. भुपेंद्रचं बी-बियाण्याचं दुकान, माणसं साधी. लग्न वैशाखात, बपेऱ्याला दारात मांडव घालून करायचं ठरलं.

धनीरामनं त्याच दिवशी सांगून टाकलं, "सयपाक मी करीन. माह्या पोरीच्या लगनात दुसऱ्याच्या हातची भाजी नाही."

"आणि मांडवात कोण बसन?" दामिनीनं विचारलं. "आचाऱ्याच्या बनियनवर बसता का माह्या बाजूले?"

"सयपाक पहाटे करून टाकीन. मंग कोट घालून येईन."

"कोट?" दामिनी हसायला लागली. "बाबा, टेलरनं तुमचं माप घेतलं तं भुपेंद्रच्या कोटाले कापड उरन नाही. थोडं उतरवा ना वजन. डॉक्टरनं बी तं सांगतलं हाय."

"किती उतरवू?"

"दहा किलो," ती सहज म्हणाली, आणि पापड वाळवायला अंगणात गेली.

पोरीनं गंमत केली होती. धनीरामनं ती मनावर घेतली. आयुष्यात तिनं बापाकडे मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि ही तर त्याच्या हातातली होती. उपाशी राहणं त्याच्याइतकं कोणाला जमणार होतं? संक्रांतीपासून त्यानं लग्न नसलेल्या दिवशीही सकाळ-दुपारचं बंद केलं. संध्याकाळी एकदा जेवायचा, तेही निम्मं. भूक लागली की काळा चहा. पंधरा दिवसांत शर्टाची कॉलर सैल झाली. होळीपर्यंत पट्ट्याला खिळ्यानं तीन नवी भोकं पाडावी लागली.

गावात कौतुकच कौतुक. चावडीवर कोणी म्हणालं, "धनीराम, लगन तुहं हाय का पोरीचं?" शेजारची ललिताबाई आपल्या नवऱ्याला रोज त्याचं उदाहरण देऊ लागली, तो बिचारा धनीरामला पाहून रस्ता बदलू लागला. दामिनी बापाचा जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावून नातेवाइकांना पाठवायची. धनीराम आरशापुढे उभा राहून पोट आत घ्यायचा आणि मग लक्षात यायचं की आत घ्यायला फारसं उरलंच नाही. तीन महिन्यांत सतरा किलो.

महिन्याला दोन, असं कोणी तरी सांगितलं होतं, हे त्याला आठवायचं. आठवलं की तो दुसऱ्या कामाला लागायचा.

दुखणं मात्र वाढलं. फागुनात पाच वेळा. एका लग्नात तो धानाच्या तणशीच्या ढिगामागे गुडघे पोटाशी घेऊन पडलेला जीवनला सापडला.

"भाऊ, हे भट्टी लागणं नव्हे," जीवन म्हणाला. "मले का येडा समजता? चाला डॉक्टरकडे."

"पोरीचं लगन होऊ दे."

"मंग मी वहिनीले सांगतो."

"सांगशील तं उद्यापासून माह्या भट्टीवर येऊ नको," धनीराम म्हणाला.

पंधरा वर्षांत जीवनला तो असं कधी तोडून बोलला नव्हता. जीवन उठला आणि पुऱ्यांकडे गेला. तो शब्द धनीरामच्या कानात पुढे कितीतरी दिवस राहिला.

पाडव्याच्या सकाळी दामिनीनंही त्याला पाहिलं. ती गुढीसाठी फुलं तोडून आत आली तर बाप भिंतीला टेकून, घामानं भिजलेला. तिनं परडी खाली ठेवली आणि समोर बसली.

"बाबा, खरं सांगा. डॉक्टरनं आणखी काय म्हटलं होतं?"

"काई नाही व. गॅस हाय."

"माह्या आंगावर हात ठेवून सांगा."

धनीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गॅस हाय," तो म्हणाला. ती उठली, तिनं त्याला आल्याचा रस करून दिला आणि परडी घेऊन गुढीपाशी निघाली. निघताना दारातून दोनदा मागे वळून पाहिलं तिनं.

हळदीच्या दिवशी पाहुण्यांचं दुपारचं जेवण धनीरामनंच केलं. वडे, कढी, भाजी, भात. नाक जाग्यावर होतं. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं. शेवटची पंगत साडेचारला उठली. दामिनी हळद लागलेल्या हातानंच ताट वाढून घेऊन आली, म्हणाली, "आता तं खा बाबा, आज तं खा." तिच्या हातचं म्हणून तो पोटभर जेवला. तेलातले वडे, वर बुंदी.

साडेपाचला सुरू झालं ते नेहमीचं नव्हतं. पोटातून सरळ पाठीत घुसलं, पट्टा आवळल्यासारखं चहूबाजूंनी. कट्टा पोटाशी धरला, पुढे वाकला, आडवा झाला, कशानं कमी होईना. ओकारी थांबेना. सचिन, त्याचा मुलगा, जीप घेऊन आला. मांडवातली गाणी बंद झाली, आणि हळदीनं माखलेली दामिनी जीपच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"तुमी नसाल तं लगन कायचं?" ती म्हणाली. "मी भुपेंद्रले फोन करतो. पुढं ढकला म्हणतो."

धनीरामनं दात आवळून मान वर केली. लाखनीचं वऱ्हाड सकाळी निघणार, दोनशे माणसं, सगळी तयारी झालेली. "काई ढकलाचं नाही," तो म्हणाला. "एक इंजेक्शन घेतलं का झालं. मी उद्या अकराले येतो."

"नक्की?"

"नक्की. अकराले मांडवात हाय मी."

तिनं विश्वास ठेवला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तोच डॉक्टर होता. आधी त्यानं सचिनला केसपेपर काढायला पाठवलं, मग तपासलं, आणि तपासता तपासता थांबला. "पाकवाले ना तुम्ही?" तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. आणि एवढं वजन कसं उतरलं?"

"एका टायमाले जेवून."

डॉक्टरनं सलाईनची सुई लावायला घेतली. कोणी रागावलं असतं तर धनीरामला बरं वाटलं असतं. सचिन परत आला, रक्ताचा आणि सोनोग्राफीचा कागद आला, तेव्हा डॉक्टरनं त्याला एवढंच सांगितलं की एक लहान खडा पिशवीतून सटकून नळीत अडकला, त्यानं स्वादुपिंडाला सूज आली आहे, वजन फार झपाट्यानं उतरलं की असं होऊ शकतं. सूज उतरेपर्यंत तोंडानं पाण्याचा घोटसुद्धा नाही. घरी जायचा तर प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेअकराचा मुहूर्त होता. मांडवातून मोनूनं, दामिनीच्या मावसभावानं, फोनवर चित्र लावून दिलं. बपेऱ्याचं नेटवर्क ते. मंगलाष्टकाचे तुकडे यायचे, मध्येच काही नाही. चित्र तर एका निळ्या कापडावर आणि कोणाच्या तरी पाठमोऱ्या खांद्यावर अडकून बसलं ते तसंच राहिलं. सचिन फोन धरून खाटेशी उभा होता. बऱ्याच वेळानं त्याचा हात खाली आला.

"लाह्या कोण देल्ल्या तिच्या हातात?" धनीरामनं विचारलं. बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायचा मान भावाचा.

"मोनूनं," सचिन म्हणाला, आणि बाटलीतलं सलाईन किती उरलं ते पाहू लागला.

तेव्हा धनीरामला समजलं की दामिनीच्या लग्नाला तो एकटाच मुकला नव्हता, या पोरालाही त्यानं मुकायला लावलं होतं.

दोन दिवसांनी जीवन आणि मोनू भेटायला आले. मोनू बोलघेवडा, त्याच्या पोटात काही राहत नाही. त्यानं सांगून टाकलं की दामिनीनं मुहूर्त अर्धा तास थांबवला होता. अंतरपाट धरायला भटजी उभे, आणि ती रस्त्याकडे बघत, "बाबा अकराले येतो म्हणाले," असं सगळ्यांना सांगत. शेवटी मामानं समजूत काढली. मोनू सांगत गेला आणि मग जीवननं त्याला चहा आणायला बाहेर पाठवलं.

मग धनीरामनं विचारलं, "मीठ कसं होतं?"

"बरोबर होतं," जीवन म्हणाला. "कोणी नाव नाही ठेवलं."

"उपाशी होता ना तू?"

जीवननं खाली पाहिलं. "नाही भाऊ. वहिनीनं पहाटे दोन भाकरी अन् वरण खाऊ घातलं. नऊ वाजता पोहे खाल्ले. दुपारी पंगतीआधी बी थोडं जेवलो." आणि जरा थांबून, "चमच्यानं चाखलं, बस. चाखलं तं समजते ना."

धनीरामनं भिंतीकडे तोंड केलं. बत्तीस वर्षं तो उपाशी राहिला होता. भैय्यालाल राहिला होता, आणि एका उन्हाळ्यात पोट धरूनच, पिवळा पडून वारला होता. सगळे म्हणाले होते, भट्टी लागली.

"त्या दिवशी तणशीपाशी मी तुले जे बोललो," तो भिंतीकडे पाहतच म्हणाला.

"राहू द्या," जीवन म्हणाला.

आठव्या दिवशी सूज उतरली आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरनं लहान बाटलीत खडे दाखवले. ज्वारीच्या दाण्याएवढे, तीसेक असतील. एवढ्याशा दाण्यांनी पोरीच्या लग्नातून उठवून नेलं होतं.

तो घरी आला त्यानंतर तीन दिवसांनी दामिनी मांडवपरतणीला आली. लग्नानंतर पोरगी पहिल्यांदा माहेरी येते ती ही. भुपेंद्र सोडून गेला, संध्याकाळी नेणार होता. दामिनी आतल्या खोलीत येऊन बापाच्या पाया पडली, पण बसली नाही. लगेच स्वयंपाकघरात गेली. मधल्या दाराला पडदाच होता. धनीरामला सगळं ऐकू येत होतं.

"सचिननं सांगतलं मले," ती आईला म्हणत होती. "वजन एकदम उतरवलं म्हणून झालं. मीच म्हटलं होतं आई, कोटासाठी. तिकडे सासूबाई ताट वाढते, तं घास घशाखाली नाही उतरत. माह्या हौशीपायी बाबा मरता मरता वाचले."

"झालं ते झालं, माय," शकुंतलाबाई म्हणाली. "तुले का मालूम होतं? कोणाले मालूम होतं?"

धनीराम छताकडे पाहत पडून राहिला. कागद तर राख झाला होता. डॉक्टर बपेऱ्याला येऊन सांगणार नव्हता. जीवनला त्या कागदाचं माहीत नव्हतं, आणि असतं तरी तो मेला असता तरी बोलला नसता. पोरगी चार महिने रडेल, मग संसाराला लागेल, मग एक दिवस ही गोष्ट हसत सांगेल की माझ्या लग्नात बाबांनी एवढं वजन उतरवलं होतं. सगळं आपोआप मिटत होतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

तो कुशीवर वळला. टाके ओढले गेले.

"दामू," त्यानं हाक मारली. "इकडे ये जरा. तुह्या आईले बी आण. सचिन हाय का बाहेर? त्याले बी बोलव."

तिघं आली. शकुंतलाबाई हातातलं पीठ झटकत दारातच उभी राहिली, सचिन खिडकीशी. दामिनी खाटेच्या पायथ्याशी बसली आणि त्याच्या पायावरची चादर उगाच सरळ करू लागली.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "मी तेवढं म्हटलं नसतं, तं तुमी असते ना लगनात?"

धनीराम म्हणाला, "नाही व माय, तुह्या म्हटल्यानं काई नाही झालं. मले खडे हायेत हे मले तीन वर्सं मालूम होतं. डॉक्टरनं सांगतलं होतं, चार टायम थोडं थोडं खा, वजन हळूहळू उतरव, उपाशी राहू नको, अन् ऑपरेशन करून घे. त्यानं लिहून देल्लं होतं, तो कागद मी जाळला. पाडव्याले तुह्या डोक्यावर हात ठेवून मी खोटं बोललो, अन् जीपमंधी बसून बी खोटंच बोललो, अकराले येतो म्हणून. मले तवाच मालूम होतं का येणं होत नाही. तू रस्त्याकडे पाहात उभी होती, मोनूनं सांगतलं मले. आता तुले जेवढं रागवाचं हाय तेवढं रागव, पण माह्यावर रागव, सोतावर नको."